रिकाम्या हौद्याचं वजन

लातूरच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "काका, आता धूर सोडा. नाहीतर धूर काही तुम्हाला सोडत नाही." गुरुपादप्पांनी मान हलवली, दवाखान्याबाहेर येऊन चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन पुन्हा खदानीवर हजर. घरी बसून काय वाती वळू का, असा त्यांचा सवाल होता. त्याला उत्तर कुणी द्यायचं?

अहमदपूरजवळच्या माळावर संगमेश्वर शेठची दगडखाण आहे. काळा दगड, वर खडी फोडायचं क्रशर, शेजारी वजनकाटा, आणि खाली उतरायला वळणावळणाचा कच्चा रस्ता. एवढ्याशा उताराला तिथं सगळे घाट म्हणतात. या घाटानं डिझेलचा टिपर खाली न्यायचा, भरून वर आणायचा, यात गुरुपादप्पांचा उभा जन्म गेला. छातीत धूर साठला तो तिथलाच.

त्यांची एकुलती एक लेक शिवांगी. लातूरला इलेक्ट्रिकलचं शिकली आणि क्रशरच्या मोटारी सांभाळायला याच खदानीवर लागली. बाप खदान सोडत नाही म्हटल्यावर तिनं ठरवलं, मग खदानीतला धूरच घालवू. शेठच्या मागं लागून लागून तिनं त्यांना एक बॅटरीवरचा टिपर आणायला लावला. शेठ म्हणजे दहा वेळा वाजवून मडकं घेणारा माणूस. ते म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत चालवून बघू. जमलं तर ठेवू. न्हाई जमलं तर गाडी परत, आन् तुजा बाप परत डिझेलवर. कबूल?"

शिवांगीनं कबूल केलं. दुसरा इलाज तरी कुठं होता?

पावसाळा सरला आणि गाडी आली. जंगम स्वामींनी विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, नारळ फुटला. गुरुपादप्पा टिपरात चढले, बटण दाबलं, आणि गाडी चालू झाली की नाही हे कुणालाच कळेना. धूर नाही, आवाज नाही. काट्यावरचा चन्नबसप्पा खिडकीतून ओरडला, "आवं, ही गाडी हाय का मांजर?" सगळे हसले. हसला नाही तो वैजनाथ, डिझेलचा दुसरा ड्रायव्हर. "आवाज न्हाई तर खालच्याला कळावं कसं, वरून कायतरी येऊन राहिलंय म्हनून?" एवढंच तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी बापलेकीचा खटका उडाला, तोही एका दगडावरून.

या खदानीवर जुन्या ड्रायव्हरांची एक रीत आहे. खाली उतरताना गाडी रिकामी न्यायची नाही. वरच्या ढिगातला एक दगड उचलायचा, टिपरच्या मागच्या हौद्यात टाकायचा आणि मग घाट उतरायचा. दगड केवढाही चालतो, नारळाएवढा असला तरी पुरे. खाली गेल्यावर तो तिथंच टाकून द्यायचा. गुरुपादप्पांनी सवयीनं दगड टाकला आणि नव्या गाडीनं टुंग टुंग सुरू केलं. प्रत्येक फेरीआधी गाडी स्वतःचं वजन शून्यावर आणते, त्याला हौदा अगदी साफ लागतो. दगड असला की शून्य लागत नाही आणि फेरी मोजली जात नाही.

"अप्पा, दगड नका टाकू."

"आगं, शेजारनीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी परत देताना रिकामी देतो का आपन? साखर टाकतो, गूळ टाकतो. तुजी आव्वा काय शिकवली तुला? हितं तर आपन रोज भरून आनतो."

"खदानीला वाटी कशाला लागतीय, अप्पा? फेऱ्या मोजल्या न्हाईत तर शेठ गाडी परत पाठवतील."

गुरुपादप्पांनी दगड काढून ठेवला. लेकीपुढं त्यांचं काही चालत नसे, आणि लेक हे सगळं कुणासाठी करते हे त्यांना ठाऊक होतं. शिवांगीनं हौद्याच्या फळीवर रंगानं लिहूनच टाकलं: हौदा रिकामा ठेवा.

आता बॅटरीच्या गाडीचं एक बरं असतं. उतारावर पाय उचलला की मोटर उलटं काम करते, गाडीला धरून ठेवते आणि त्यातून बॅटरीत वीज भरते. गाडी जितकी जड तितकी वीज जास्त. पण खदानीत गाडी खाली जाते रिकामी आणि वर येते भरून, म्हणजे उतारावर मिळणार चिमूटभर आणि चढावर जाणार पसाभर. रोज संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावावी लागणार, हा शिवांगीचा हिशेब होता. शाळेतल्या पोरालाही पटावा इतका सरळ.

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी तिनं चार्जरची वायर हातात घेतली आणि पडद्यावर बघितलं. बॅटरी सकाळपेक्षा जास्त भरलेली होती.

आधी तिला स्वतःचाच संशय आला. सकाळचा आकडा चुकून वाचला असेल. दुसऱ्या दिवशी तिनं डोळ्यात तेल घालून बघितलं. तेच! दिवसभर दगड वर आणून गाडी ताजीतवानी. तिनं वायरी तपासल्या, कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, असं होत नसतं. सॉफ्टवेअर परत टाका." तिनं परत टाकलं. गाडी काट्यावर नेली, रिकामीचं वजन बरोबर. खदानीच्या तळाशी उभी करून बघितली, तिथंही बरोबर. फक्त घाट उतरताना गाडी वीज अशी भरायची, जशी दगडानं काठोकाठ भरलेली असावी.

शेठला कळलं तेव्हा त्यांना आनंद मावेना. "माय माय माय! न खाता दूध देनारी म्हैस गं ही! अजून आणू." शिवांगी हसली, पण तिचं डोकं काही चालेना. चिमटीतल्या पिठाच्या पोळ्या होत नसतात, हे तिला आईनंही शिकवलं होतं आणि कॉलेजनंही.

मग एका दुपारी ती स्वतः बापाशेजारी बसली.

ऊन रखरखीत होतं, पण केबिनमध्ये गार. काचेपलीकडं घाटाचा पांढरा फुफाटा. गाडी निघाली तसा मागं रिकामा हौदा खडखडायला लागला. डिझेलच्या गाडीत हा आवाज इंजिनात बुडून जायचा, इथं मात्र प्रत्येक खिळा ऐकू येत होता. गुरुपादप्पा समोर बघून चालवत होते. पहिलं वळण गेलं. खडखड चालूच. दुसऱ्या वळणावर कडुनिंबाचं एक वाळकं झाड आहे, ते मागं पडलं.

आणि खडखड थांबली.

रिकामा डबा वाजतो, भरलेला वाजत नाही. शिवांगीला सीटखालचे स्प्रिंगचे पाटे दबल्याचं जाणवलं, बैलगाडीत मागून कुणी पोतं ठेवल्यासारखं. पडद्यावर वीज भरल्याचा काटा सरसर वर गेला. तिनं मागच्या कॅमेऱ्यात बघितलं. हौदा स्वच्छ होता. तळाशी बारीक भुकटी पसरलेली, आणि गाडी खड्ड्यातून जात असूनही ती भुकटी उडत नव्हती.

"अप्पा, हे रोज होतंय?"

"हाव."

"मग बोलला का न्हाईत?"

गुरुपादप्पांनी गाडी तळाशी उभी केली. खडखड एकदाच झाली, मोठ्यानं, आणि सीट पुन्हा वर आली. "काय बोलू? तूच म्हनली हौदा रिकामा ठेवा. रिकामाच हाय की."

शिवांगी खाली उतरून हौद्यात चढली. पत्र्यावर हात ठेवला. ऊन इतकं असूनही पत्रा गार होता. याला कारण असणार, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि कोणतं ते मात्र सुचेना.

गाडीचा दोष की चालवणाऱ्याचा, हे बघायला तिनं दुसऱ्या दिवशी वैजनाथला विनवलं. तो कुरकुरत बसला. एक फेरी करून वर आला, किल्ली तिच्या हातात दिली आणि ढिगावर जाऊन बसला. कुणी पाणी दिलं ते घटाघटा प्यायला.

"मागं कुनी बसल्यासारखं वाटलं का, वैजनाथ काका?"

"न्हाई." त्यानं तोंड पुसलं. "बसल्यासारखं न्हाई वाटलं. माजंच कायतरी उतरून मागं गेल्यासारखं वाटलं. मी न्हाई बसनार बाई पुन्यांदा. गुरुपादप्पाला बी बसू देऊ नगं."

शिवांगीला राग आला. हा माणूस पहिल्या दिवसापासून गाडीच्या वाईटावर आहे, असं तिला वाटलं. आणि रागावायला तिच्याकडं सबळ कारणही होतं: अप्पांचा खोकला थांबला होता!

खरंच थांबला होता. पहाटे अंगणात खोकून खोकून कमरेत वाकणारा माणूस आता सकाळी उठून इष्टलिंगाची पूजा आटोपायचा आणि डबा भरेपर्यंत दारात उभा राहायचा. जिना चढताना धाप नाही. जेवण दुप्पट. "लई हलकं वाटून राहिलंय," ते म्हणायचे. शिवांगीच्या डोळ्यांत पाणी यायचं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं होतं. मग बॅटरी का भरते याचा तपास जरा मागं पडला तर काय बिघडलं? वरचा देतोय, तर घ्यावं.

फक्त आई, जिला ती आव्वा म्हणायची, ती नागम्मा हल्ली गप्प असायची. एका रविवारी ती अप्पांच्या शर्टांना नवे खिसे शिवत बसली होती. चांगल्या शर्टाला पोत्यासारख्या जाड कापडाचे खिसे, आणि तेही दुहेरी टाक्याचे.

"आव्वा, हे काय गं? कसले खिसे हे?"

"त्यांनी सांगितलं. जुने फाटून राहिलेत म्हने." नागम्मानं दोरा दातानं तोडला आणि वर बघितलं नाही.

संक्रांत झाली आणि गाडीनं नवीनच खोड काढली. सकाळी गुरुपादप्पा बसले, बटण दाबलं, तर गाडी हलेना. पडद्यावर लाल अक्षरं: चालक जागेवर नाही.

ही सोय सुरक्षेची असते. सीटवर माणसाचं वजन पडल्याशिवाय गाडी चालत नाही, म्हणजे कुणी बाहेरून उगाच बटण दाबलं तर अपघात नको. शिवांगीनं बापाला उतरवलं, स्वतः बसली. अक्षरं गेली. उतरली, बापाला बसवलं. चालक जागेवर नाही. गुरुपादप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते, आणि त्यांच्यापुढं ती लाल अक्षरं उघडझाप करत होती.

"सीट बिघडली असंल," ते म्हणाले.

तिनं सीटचा नवा सेन्सर मागवून बसवला. तेच. शेठ म्हणाले, "सेन्सर सोडून वायर जोडून टाक की गं सरळ. चालून राहिलेली गाडी बंद कशाला पाडती?" तिनं वायर जोडली. ती शिकलेली होती, तिला आकडे कळत होते, आणि एकही आकडा दुसऱ्याला जुळत नव्हता.

त्या दिवशी दुपारी ती ढिगापाशी उभी राहिली. आपण काय करतोय याची तिला लाजच वाटली. इकडंतिकडं बघून तिनं एक दगड उचलला आणि हौद्यात टाकला. गाडी टुंग टुंग करायला लागली. करू दे म्हटलं. पेट्रोलच्या बोळ्यानं तिनं फळीवरची स्वतःची अक्षरं पुसून काढली. गुरुपादप्पांनी आरशातून बघितलं.

ती शेजारी बसली. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण आलं, कडुनिंब आला, गेला. हौदा खडखडत राहिला. तळापर्यंत खडखडला, कानठळ्या बसाव्यात असा, आणि शिवांगीला त्या आवाजानं रडूच कोसळलं. पडद्यावर वीज भरली चिमूटभर. वर येताना गेली पसाभर. हिशेब जुळला! कित्येक दिवसांनी एक तरी हिशेब जुळला. खाली उतरून गुरुपादप्पांनी तो दगड अदबीनं जमिनीवर ठेवला होता, पाहुण्यापुढं ताट ठेवावं तसा.

"झालं ना आता बरोबर?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"गाडीचं झालं," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज दगड जायला लागला आणि रोज संध्याकाळी गाडी चार्जिंगला लागायला लागली. शेठ कुरकुरले, पण फेऱ्या काट्यावरून मोजायला लावून गाडी ठेवली. गाडी आता शहाण्यासारखी वागत होती. राहिली फक्त सीट. वायर सोडवली की लाल अक्षरं हजर. कंपनीचा माणूस शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, एक करा. गाडी वजनकाट्यावर घ्या. ड्रायव्हर बसलेला असताना एक वजन, उतरल्यावर एक. दोन्ही पाठवा. मग बघू दोष कुणाचा."

यात अवघड काय? काट्यावर हे रोजच चालतं. गाडी काट्यावर आली की चन्नबसप्पा बघायच्या आधी ओरडतो, "ड्रायव्हर, खाली!" ड्रायव्हरचं वजन खडीच्या वजनात जायला नको म्हणून. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडात असं बसलं होतं की झोपेतही म्हणत असेल.

चार वाजले असतील. माळावर वारं सुटलं होतं, क्रशरची भुकटी लांब लांब वाहत चालली होती. गुरुपादप्पांनी गाडी काट्यावर घेतली. चन्नबसप्पानं वजन सांगितलं, शिवांगीनं फोनवर टिपलं.

"ड्रायव्हर, खाली!"

गुरुपादप्पा दार उघडून उतरले, काट्याबाहेर आले आणि लेकीशेजारी उभे राहिले.

"ड्रायव्हर, खाली!" चन्नबसप्पा पुन्हा ओरडला. "आवं गुरुपादप्पा, उतरा की! आकडा हलंना."

"उतरलोय की रे," गुरुपादप्पा म्हणाले. "कवाच."

चन्नबसप्पानं खिडकीतून मान बाहेर काढली. त्यांच्याकडं बघितलं. मग आत आकड्याकडं बघितलं. पुन्हा त्यांच्याकडं.

"काटा अडकला असंल," शिवांगी म्हणाली. ती काट्यावर चढली.

"हां, आता हलला," आतून आवाज आला. "ताई, तुमी चढलात न्हवं? बरोबर दाखवतंय."

तिनं हात पुढं केला. "अप्पा, या."

"कशाला गं?"

"या ना."

ते आले. तिच्या शेजारी उभे राहिले, लोखंडी फळीवर दोन्ही पाय टेकून. तिनं खिडकीकडं बघितलं. चन्नबसप्पा आकडा वाचत नव्हता. त्यानं हळूच खिडकी लावून घेतली.

वारं वाढलं. शिवांगीनं बापाचा हात धरला. हात गरम होता, ओळखीचा होता, घट्टे पडलेला. पण तो तिच्या हातात स्वस्थ राहत नव्हता. वारं ज्या बाजूला वाहत होतं त्या बाजूला जरा जरा ओढला जात होता.

"कवापासून, अप्पा?"

"खोकला गेला तवापासून असंल." ते सांगत होते ते रोजची गोष्ट सांगावी तसं. "आधी वाटलं, बरं हाय. मग एकदा वारं आलं, आन् आंगनात पाय टिकंना माजा."

"आव्वाला म्हाईत हाय?"

"खिसे तिनंच शिवलेत की."

शिवांगीनं खाली बघितलं. शर्टाचे ते जाड खिसे पोटावर लोंबत होते. तिनं हात लावला. आत दगड होते, खदानीतला काळा दगड, दोन्हीकडं गच्च भरलेला, तरी ट्रकांच्या काट्याला जाणवू नये एवढाच.

"रडू नगं," ते म्हणाले. "तू चांगल्यासाठीच केलीस. वारं पडंस्तोवर धर, मग सोड हात. घरी जाऊ."

पण वारं पडत नव्हतं. शिवांगीनं एका हातानं त्यांना धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं वाकून काट्याच्या कडेचा एक दगड उचलला, आणि खिशात अजून जागा आहे का ते चाचपून बघितलं.